हात न घालण्याचं काम

सकाळी शेअर बाजार उघडला आणि नवऱ्याच्या लॅपटॉपवर भाव लुकलुकायला लागले. वर्षभर खपून त्याने एक प्रोग्रॅम तयार केलाय. भाव क्षणाक्षणाला आत येतात आणि कधी घ्यायचं, कधी विकायचं ते प्रोग्रॅमच ठरवतो. माणूस मध्ये पडला की सगळं गणित बिघडतं, हे तोच मला सांगतो. पण आमची शिल्लक त्यात आहे. भाव जरा घसरला की त्याचा हात माउसकडे जातो, थांबवायच्या बटणापर्यंत पोचतो, आणि कसाबसा मागे येतो.

मी मटारच्या शेंगांचं ताट त्याच्यासमोर ठेवलं.

"हे कशाला?"

"हातांना काम."

तो हसला आणि सोलायला लागला. ताटात दाणे पडत होते, पडद्यावर आकडे लाल-हिरवे होत होते. सकाळीच मी दूध विरजून ठेवलं होतं. थंडीत दही लागायला वेळ लागतो. मनात आलं, विरजण कुणीही लावेल. अवघड असतं ते नंतर भांडं न हलवणं. आपण नीट केलंय एवढ्या भरवशावर दुसरीकडे बघत बसणं.

दुपारी बाजार बंद झाला. "आज एकदाही हात घातला नाही," तो म्हणाला. नफातोट्याचा विषय त्याने काढलाच नाही. समोर मटारचा हा ढीग. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि दह्यावरचं झाकण पुन्हा एकदा उचलून पाहिलं.