विळीचा व्रण

माझ्या छातीच्या मधोमध एक उभा व्रण आहे. दीड वर्षाची असताना मी विळीवर पडले, असं आई सांगायची. शाळेत मी ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, तिच्या जोरावर भावही खाल्ला. विळी इतकी सरळ कशी कापेल, हा प्रश्न एकतीस वर्षांत मला पडला नाही. आईच्या शब्दावर शंका कोण घेतं?

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात माझ्या छातीचे ठोके ऐकून डॉक्टरांनी मला गंगापूर रोडवरच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी इको करता करता सहज विचारलं, "ऑपरेशन कितव्या वर्षी झालं?"

"कसलं ऑपरेशन?"

त्यांचा हात थांबला. मग स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी मला माझंच हृदय समजावलं. खालचे दोन कप्पे म्हणजे निलय, शाळेत पाठ केलेले. उजवा रक्त फक्त फुप्फुसांकडे ढकलतो. डाव्याला ते साऱ्या अंगभर पोचवायचं असतं, म्हणून त्याचे स्नायू जाड. दोघांमधली भिंत आईच्या पोटात पहिल्या दोन महिन्यांत खालून वर वाढत जाते. माझी वरच्या टोकाला अर्धवट राहिली होती आणि तिथं ठिगळ शिवलेलं होतं.

"काम छान चाललंय," त्या म्हणाल्या. "बाळाची भिंत आता पूर्ण झालेली असायला हवी. पुढच्या आठवड्यात तेही बघू."

रिक्षात मला रडू फुटलं. बाळाची भीती होतीच, शिवाय घरी काय सांगू ही भीती. आजार लपवून मुलगी गळ्यात मारली, असंच म्हणतील ना सगळे?

सासूबाई मेथी निवडत होत्या, नवरा चहा पीत होता. मी एका दमात सांगून टाकलं. नवऱ्यानं मान खाली घातली.

"अगं, ते होय!" सासूबाई म्हणाल्या. "तुला बघायला आलो तेव्हाच तुझ्या आईनी सांगितलं होतं. आम्ही कधी बोलून दाखवलं का?"

वर उपकार! सहा वर्षं हा माणूस मला लाडानं 'विळीबाई' म्हणत होता. मीही खुळ्यासारखी हसत होते. त्या क्षणी मला त्याचं तोंड पाहवेना.

येवल्याला आईला फोन लावला. ती रडायलाच लागली.

"लय भ्यालो होतो गं आम्ही. तुझ्या मनात भीती बसू नये म्हणून नाय सांगितलं."

"आणि यांना बरं सांगितलंस?"

"लग्नाचं काम. लोकांची फसवणूक कशी करायची, बाई?"

"आणि माझी?"

मी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात बाळाच्या तपासणीला नवरा बरोबर आला. मी त्याला बाहेरच बसवलं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, भिंत अखंड आहे, चारही कप्पे नीट आहेत. मी तोंड पुसून बाहेर आले. नवरा उठून उभा राहिला. आईचे तीन फोन येऊन गेले होते.

"काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"सांगेन," मी म्हणाले, आणि दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही.