हातांवर बसायचं!

ज्या घरात मूल बोलत नाही, त्या घरात किस्से मात्र ढिगाने जमतात. आमच्या जुईला तीन वर्षं पुरी झाली तरी तोंडातून शब्द नव्हता. कान चांगले, खोड्या त्याहून चांगल्या, पण 'आई' नाही की 'पाणी' नाही. गावाहून सासूबाई फोनवर विचारायच्या, "बोलली का गं?" मी म्हणायचे, "बोलेल." मी सातवी शिकलेली, पण हट्टाला पक्की!

*

इथे अमेरिकेत, आयसेलिनला, आमच्या अपार्टमेंटमध्ये दर शनिवारी स्पीच थेरपीच्या केलीबाई येऊ लागल्या. पहिल्या दिवशी मी जुईची वेणी घातली, फ्रॉकला इस्त्री केली, पुस्तक देऊन खुर्चीवर बसवलं. बाई आल्या तेव्हा जुई टेबलाखाली! मग बाईही टेबलाखाली!! दोघी कुकरमध्ये बटाटे घालतायत, काढतायत. जुई करेल ते बाई करणार.

आमचे हे कॉम्प्युटरवाले. म्हणाले, "हे तर मीही केलं असतं!"

मी म्हटलं, "मग तीन वर्षं कोणी अडवलं होतं?"

*

ओळखीचे सगळे सांगायचे, "घरात फक्त इंग्लिश बोला." माझं इंग्लिश 'थँक्यू'ला सुरू होऊन 'सॉरी'ला संपणारं! ह्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी ह्यांच्याकरवी मलाच उलट विचारलं, "तू तिला रागावतेस कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

"मग बोलायचंही त्याच भाषेत."

त्या दिवसापासून मी जुईशी इतकी बोलायला लागले, की ह्यांच्याशी बोलायला काही उरेना. हे म्हणाले, "बाई गुणाच्या आहेत!"

*

माझी एक खोड. जुईने फ्रिजकडे नुसतं बघितलं की माझ्या हातात दुधाचा कप तयार! बाई म्हणाल्या, "तिला मागायची गरजच पडत नाही. समोर बस, तिच्याकडे बघ आणि थांब." थांबायचे, पण हात आपोआप पुढे जायचे. शेवटी बाई म्हणाल्या, "हातांवर बस!"

बसले. जीव तुटायचा, पण उठले नाही.

एकदा हे ऑफिसातून आले आणि सोफ्यावर बसून किचनकडे बघत राहिले. मी हातांवर.

"अगं, चहा?"

"बघा, मागता आलं की नाही!"

*

एका शनिवारी शेजारच्या डॉक्टरकाकांच्या घरच्या काकू वेखंड घेऊन आल्या. "उगाळून चाटव, पोपटासारखी बोलेल. जुई, 'काकू' म्हण! म्हण ना!"

जुई सोफ्यामागे. बाई म्हणाल्या, "म्हणायला लावू नका. ती करते ते करा." जुई तेव्हा पालथी पडून गाडी ढकलत होती. आणि काकू सिल्कच्या साडीत!

"अगं, माझे गुडघे..." म्हणत काकू बसल्या, मग चक्क आडव्या झाल्या. जुई खदखदून हसली आणि आपली गाडी तिने काकूंच्या हातात दिली.

काकूंना उठवायला आम्ही तिघं लागलो. जाताना म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी कॉटनची नेसून येते."

*

एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. "अजून नाहीच का गं?" मी "बोलेल" म्हटलं, फोन ठेवला आणि किचनच्या फरशीवर बसून रडायला लागले.

जुई नॅपकिन घेऊन आली. मी हात पुढे केला. तिने नॅपकिन मागे ओढला! माझ्यासमोर फतकल मारून बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

मी पुन्हा नुसता हात पुढे केला.

जुई थांबली. आणखी थांबली. मग म्हणाली,

"आई, बोल!"