मजूर कधी येणार?

इंग्लंडमधल्या नोकरीच्या पहिल्या सकाळी मी सुपरवायझरला विचारलं, "मजूर कधी येणार?" मिल्टन कीन्सच्या बाहेर एका शेतात आम्ही उभे होतो. तिथे नवी घरं व्हायची होती, आणि जमिनीखाली जुनी वस्ती असल्याचं दिसलं की बांधकामाआधी उत्खनन करून घ्यायचं, अशी इथली पद्धत. सुपरवायझर चिनी, माझ्याहून थोडी मोठी, लंडनहून पीएच.डी. केलेली. तिने एक कुदळ उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आलाय की."

मी तरी काय करणार? भारतात मी उत्खननांवर काम केलं होतं, पण तिथे पुरातत्त्वज्ञ बहुतेक वेळ खड्ड्याच्या काठावर उभा असतो. डोक्यावर टोपी, हातात टेप. खणायला गावातली माणसं असतात. आपण वरून म्हणायचं, "मावशी, जरा हळू." बारीक काम आलं की खाली उतरायचं, फोटो निघाला की पुन्हा वर. उंटावरून शेळ्या हाकायच्या. इथे उंटच नव्हता. तळहात सोलवटून निघाले आणि रात्री पोळी लाटताना मला रडू यायचं.

चहाच्या सुट्टीत एकदा सुपरवायझर म्हणाली, "तुझ्या त्या प्रश्नाला हसले, पण आमच्याकडेही तेच होतं." तिच्या देशात जुन्या वस्तूंचा अभ्यास शेकडो वर्षांचा. पण विद्वानांनी घरात बसून काशाच्या भांड्यांवरची अक्षरं वाचायची. भांडं कुठून आलं, कोणी उकरलं, हे विचारायचं नाही. चिखलात उतरणं हे शिकलेल्या माणसाचं काम नव्हे. मग गेल्या शतकात काही तरुण परदेशी शिकून आले आणि कपडे खोचून खड्ड्यात उतरले. त्यांच्यातला एक तर इथेच, लंडनला शिकला. इंग्लंडमधल्या एका टेकडीवर खणायला शिकला आणि परत जाऊन त्याने पुढच्या पिढीला खणायला शिकवलं. "माझ्या गुरूंचे गुरू," ती म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवलं. मला ती गोष्ट आवडली. पण घरी सांगावी असं काही वाटलं नाही.

घरी वेगळंच झालं. माझ्या नवऱ्याने हौसेने माझा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. गमबूट, चिखल, हातात कुदळ. तासाभरात नागपूरहून बाबांचा फोन.

"हे काहून?"

"इथे असंच असतं बाबा. सगळेच खणतात."

"माझ्या बापाच्या हातातली कुदळ आपल्या घरातून सुटावी म्हणून मी शिकलो. तुला काय ती परत धरायला शिकवलं?"

माझे आजोबा रोजंदारीवर विहिरी खणायचे. आमच्या जातीला जी कामं वाट्याला यायची त्यांतलं ते बरं म्हणायचं. बाबा शिकले, हेडमास्तर झाले. 'मुलगी पुरातत्त्वात साहेब आहे, हाताखाली पन्नास माणसं,' हे त्यांनी वस्तीत ज्याला त्याला सांगितलेलं. त्या फोननंतर ते हवामान विचारायचे, नातवंडांचं विचारायचे, माझ्या कामाचं नाव काढायचे नाहीत. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला बापाचं कौतुक हवं असणं हास्यास्पद आहे. पण मला ते हवं होतं.

उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले. आल्या आल्या कॅमडेन. ज्यांच्यामुळे आमच्या घरात पाटी-पेन्सिल आली, ते विद्यार्थी असताना जिथे राहिले, ते घर. आमच्यातला माणूस लंडनला आला की आधी तिथे जातो. बाबा दारापाशी हात जोडून उभे राहिले. परतीच्या ट्रेनमध्ये मी म्हटलं, "उद्या साइटवर ओपन डे आहे. फॅमिलीला बोलावलंय."

"माझं काय काम तिथे? गुडघे दुखतात."

"मग मीही जात नाही. बसू दोघं घरी तोंड फुगवून."

हट्ट मी त्यांच्याकडूनच घेतलाय. ते आले.

पिवळं जॅकेट आणि हेल्मेट घालून बाबा कुंपणापाशी थांबले. सुपरवायझर एका खड्ड्यात गुडघ्यांवर होती, कोपरापर्यंत चिखल. ती वर आली, पँटला हात पुसून पुढे केला. बाबांनी आधी त्या हाताकडे पाहिलं, मग तो हातात घेतला आणि हेडमास्तरी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुम्ही डॉक्टरेट. मग स्वतः का खणता?"

ती घाईत होती, तरी थांबली. लंडनला शिकलेल्या त्या माणसाने पुढे एकदा जुने रथ शोधले, म्हणाली. लाकूड केव्हाच कुजलेलं. उरला होता तो मातीच्या रंगातला फरक. "त्याने कडाक्याच्या थंडीत ओणवं होऊन चाकांचा आरा न् आरा मोकळा केला. काठावरून रथ दिसला नसता. माती हाताला कळते, सर." आणि ती परत खड्ड्यात उतरली.

बाबा माझ्या खड्ड्यापर्यंत चालत आले. तळाशी फिकट मातीत काळपट गोल दिसत होता, तसाच नुसता रंगातला फरक. त्यांनी वाकून तो पाहिला.

"माझ्या बापाला विहिरी खणताना खापरं सापडायची," ते म्हणाले. "कधी मणी. घमेल्यात भरायचा आणि फेकून द्यायचा. जन्मभर खणलं त्याने. काय सापडलं, हे त्याला एकदाही कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला विचारतात?"

"विचारतात बाबा. जो खणतो त्यालाच विचारतात."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला, दुखरे गुडघे सांभाळत काठावर बसले आणि पाय खड्ड्यात सोडले.

"मग मला सांग," ते म्हणाले. "काय सापडलं?"