रुंद चाकांची लाल गाडी

गाडीजवळ आल्या की बाई आधी पदर खोचायच्या आणि टायर व मडगार्ड यांच्या फटीत हात घालायच्या. बांगड्यांसकट अख्खा पंजा. तो आत सहज गेला, तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. हात वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहायच्या.

“हात फिरला पाहिजे, भाऊ,” त्या म्हणायच्या. “ब्लाउजच्या मुंढ्यात फिरते तसा.”

बाई शिवणकाम शिकवायच्या. हिंगणघाटातल्या निम्म्या ब्लाउज शिवणाऱ्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. निवृत्त झाल्यावर त्या अल्लीपूरला थोरल्या भावाकडे राहायला गेल्या. भावानं लग्न केलं नव्हतं, बाईंनीही नाही. अशी भावा-बहिणीची घरं तुम्हीही पाहिली असतील. दोघांत मिळून एक संसार आणि दोन हट्ट.

माझं चाकांचं दुकान हायवेला लागून आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, कधीमधी नवी मोटार. बाईंनी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली ती गाडी मात्र मी फक्त चित्रात पाहिली होती. दोन सिटांची, उघड्या टपाची, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. लाल रंगाचं तोंड उतरलेलं, सिटांवर कोंबड्यांनी मुक्काम केल्याच्या खुणा. दादांनी, म्हणजे बाईंच्या भावानं, ती तरुणपणी नागपूरच्या भंगारातून आणून स्वतः दुरुस्त केली होती. मग कामाच्या धबडग्यात ती गोठ्यात गेली आणि तिथंच राहिली.

“आता काऊन काढली?” मी विचारलं.

“दादाले लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्याशिवाय घराच्या बाहेर निंघाले तयार नाई. मी म्हटलं, कुठं जाचं सांग, नेतो तुले. तर त्यानं गोठ्याकडं बोट केलं.”

इंजिन वर्ध्याच्या एका जुन्या मिस्त्रीनं चालू करून दिलं. चाकांचं काम माझ्याकडं होतं. जुन्या बारीक चाकांच्या तारा गंजून तुटल्या होत्या. तशीच परदेशातून मागवता येतील, असं मी सुचवलं. बाईंनी घरी जाऊन दादांना विचारलं. दादांनी डाव्या हाताची बोटं फाकून दाखवली. रुंद पाहिजेत. तरुणपणापासून त्यांच्या मनात तेच होतं म्हणे.

“मंग रुंदच,” बाई म्हणाल्या. विषय संपला.

रुंद चाकं बसवणं अवघड नसतं. ती न घासता फिरवणं अवघड असतं. पहिल्या रिम नागपूरहून आणल्या, त्यांची मधली प्लेट अशी होती की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावायचं. बाईंनी लांबून पाहिलं आणि म्हणाल्या, “बाही खांद्यावरून उतरली.” रिम परत गेल्या. मग त्यांनी खाकी कागद आणला, गुडघे टेकून बसल्या आणि ब्लाउज बेतताना कापतात तसा मडगार्डच्या कमानीचा कागदी बेत कापला. त्यावर चाक कुठं यायला हवं ते खडूनं आखून दिलं. त्या बेतावरून दुसऱ्या रिम शोधल्या. चाक आत आलं. बाई एकट्या गाडी चालवून आल्या, कुठं आवाज नाही. मला वाटलं, झालं काम.

“तुमी बसा बाजूले,” त्या म्हणाल्या.

मी बसलो. पहिल्याच गतिरोधकावर मागून खर्रकन आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. माणूस बसलं की गाडी दबत होती आणि मडगार्डची आतली कड टायरला कातरत होती.

मी म्हटलं, “मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवू. गाडी उचलून येईल.”

“मंग दणके बसतीन.”

“थोडे बसतील.”

“दादाले मान सावरत नाई. नको.”

“तर मग कड कापून टाकतो. ग्राइंडर लावला की झालं.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. वर्गात कोणी कापडाला उलटी कात्री लावली की अशाच बघत असतील. “कापाचं नाई. कापलेलं वाढवता येते का? कड दुमडाची.”

पत्रा दुमडायचा म्हणजे त्यावरचा रंग तडकणार, पत्र्याला लाटा येणार. मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी येताना घरचं मुसळ आणलं. ते टायर आणि कड यांच्यामध्ये अडकवायचं, गाडी हळूहळू ढकलायची, म्हणजे मुसळ लाटण्यासारखं फिरेल आणि कड वर दुमडत जाईल, असा त्यांचा विचार. मी गरम हवेच्या बंदुकीनं रंग शेकून मऊ केला. बाई मुसळ धरून बसल्या, मी गाडी ढकलली. थोडी पुढं, थोडी मागं. दुपारभर. घामानं त्यांच्या कुंकवाचा ओघळ नाकापर्यंत आला होता, पण हात सोडला नाही. एका ठिकाणी रंग तडकलाच. मी चुकचुकलो.

“राहू द्या. ते अस्तराच्या बाजूले हाये,” त्या म्हणाल्या.

पुढच्या चाकांची वेगळीच तऱ्हा. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून चासीला टेकायचा. वळण थोडं आधीच अडवणं हाच उपाय होता. मी म्हटलं, “बाई, मग गाडी वळवायला जागा जास्त लागेल.”

“लागू द्या. आमाले कोणती घाई हाये.”

दादांना मात्र त्यांनी तोवर गाडीजवळ येऊ दिलं नाही. दादांच्या वजनाइतकी ढेपेची पोती बाजूच्या सिटवर बांधली, दुमडलेल्या कडेला ओला गेरू फासला, आणि वडनेरच्या रस्त्याला लागल्या. टायर टेकला तर गेरू पुसला जाणार. परत आल्या तेव्हा मागच्या डाव्या कडेचा गेरू बोटभर पुसला होता. खरं तर तेवढं चाललं असतं. मी तसं म्हटलंही.

“चालते, पण तो ऐकन,” बाई म्हणाल्या. “बोलत नाई म्हून ऐकत नाई असं नाई. घासल्याचा आवाज आला तर म्हनन, उतरव मले.”

पुन्हा शेकणं, पुन्हा मुसळ. पुन्हा पोती, पुन्हा वडनेर. या वेळी गेरू जसाच्या तसा होता. बाईंनी चारही चाकांत हात फिरवून पाहिला, कोपरापर्यंत लाल झाल्या, आणि नळावर हात धुवायला गेल्या. बराच वेळ धूत होत्या.

त्यांनी दादांना हिंगणीकडून बोरच्या धरणावर न्यायचं ठरवलं. मी मोटरसायकलवर मागं राहिलो, काही झालंच तर हाताशी असावं म्हणून. दादांच्या छातीवरून ओढणी घेऊन सिटला बांधली होती. डोक्याला कानटोपी. गावातून निघताना दादा मान खाली घालून बसले होते, लोकांनी बघू नये असे. सेलूच्या पुढं रस्ता उखडलेला होता. गाडी दबली, उचलली, पुन्हा दबली. मी कान लावून होतो. वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. नंतर दिसलं, की दादांची मान वर आली आहे.

मग एकदम गाडी माझ्यापुढं निघून गेली. मला मोटरसायकल पिळावी लागली. धरणावर पोचल्यावर मी बाईंना विचारलं, एवढी जोरात का घेतली?

“तो म्हणे, दाब.”

“बोलले?”

“दाब म्हणे,” त्या म्हणाल्या आणि दादांचं तोंड पदरानं पुसू लागल्या. वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, नाकातूनही. दादांनी बाईंचा हात बाजूला सारला. त्यांना पाणी बघायचं होतं.

त्यानंतर त्यांच्या फेऱ्या होत राहिल्या. दादा थंडीत गेले. मला वाटलं, आता गाडी पुन्हा गोठ्यात जाईल, नाहीतर कोणी हौशी येऊन घेऊन जाईल. तसं झालं नाही. बाई एकट्या ती चालवत राहिल्या. पुढं त्याही गेल्या, झोपेतच गेल्या म्हणून कळलं. मला निरोप उशिरा मिळाला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. मी जामहून परत येत होतो. मागून लाल गाडी आली. बाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता. बाजूच्या सिटवर एक नऊवारीतली म्हातारी, रस्त्याकडेला बसची वाट बघत असणार, तिला बाईंनी उचललं होतं. मांडीवर वांग्यांची पिशवी, एका हातानं पुढची दांडी घट्ट धरलेली, पदर पाठीमागं निशाणासारखा उडत होता. तोंडात दात नव्हते. ती हसत होती. बाई तिच्याकडं वळून काहीतरी सांगत होत्या.

अख्खी एसटी खिडक्यांकडं झुकली. “कोण व्हय हे?” कंडक्टरनं विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर बाईंनी हात दाखवून बसला मागं टाकलं होतं.