आशाताईच्या वहीत माझं नाव

लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून मेडशीला परतलो, तेव्हा ग्रामपंचायतीनं बाहेरून आलेल्या आम्हा सगळ्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं. रोज सकाळी ताप मोजायला आरोग्य केंद्राकडून गावची आशाताई यायची. ती माझी आईच होती.

पहिल्या दिवशी मी हसत पुढे झालो, तर ती दोन पावलं मागं सरली.

"तोंडाले रुमाल बांध. नाव सांग."

"माह्यं नाव तुले माहीत नाही?"

"इथं मी आशाताई हाय. सांग."

मी सांगितलं, तिनं वहीत लिहिलं. मला रागच आला. घर दोन गल्ल्यांवर असून तिनं एकदाही वेगळा डबा आणला नाही. सगळ्यांना पंचायतीची खिचडी, तीच मला.

नवव्या दिवशी मला ताप भरला. आकडा वहीत लिहून तिनं शांतपणे फोन करून रुग्णवाहिका बोलावली. वाशिमला तपासणी झाली, कोरोना नव्हता.

मुदत संपवून घरी गेलो, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुले ताप आला तवापासून तुही माय धड जेवली नाही."

"काहीबी सांगते थे काकू," आई म्हणाली आणि मला वाढायला बसली. माझ्या पाठीवर ठेवलेला हात मात्र तिनं जेवण होईस्तोवर काढला नाही.