टाचेखाली निमंत्रणपत्रिका

सूर्याजी भापकर आधी माणसाची पावलं बघतात, चेहरा नंतर. एकदा दाल बाजारात मी त्यांच्याबरोबर होते. समोरून नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा गुळाची पिशवी छातीशी धरून वडिलांमागे पळत गेला. काका थांबले.

"डावा पाय. सहा प्लास्टर," ते म्हणाले. "नाव नाही आठवत."

मुलाने वळूनही पाहिलं नाही. पाहणार कसा? काकांनी त्याला पहिले बूट घातले तेव्हा तो जेमतेम तीन महिन्यांचा होता.

मी ग्वाल्हेरच्या एका बालरुग्णालयात यंत्रांची देखभाल करते. तिथे दर मंगळवारी अशी मुलं येतात, ज्यांची पावलं जन्मापासूनच आत वळलेली असतात. डॉक्टर अंबरीश गर्दे ती पावलं हातांनी थोडी थोडी सरळ करत प्लास्टर घालतात. पाच-सहा आठवड्यांत पाऊल सरळ दिसू लागतं आणि आईबापांना वाटतं, संपलं. संपलेलं नसतं. पावलाची ओढ जुन्या जागेकडेच असते. म्हणून बूट. धातूच्या एका पट्टीवर ठरावीक कोनात बसवलेले दोन छोटे बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र घालायचे, मग चार वर्षांचं होईपर्यंत फक्त झोपताना. हे बूट काका बनवतात, दौलतगंजमधल्या त्यांच्या दुकानात. एरवी तिथे दप्तरांच्या चेन आणि बॅगांचे बंद शिवले जातात.

अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी बाहेरून आलेला असा एक बूट उसवला म्हणून त्यांच्याकडे आणला. काकांनी तो आतून चाचपला आणि तसाच हातात घेऊन थेट रुग्णालयात आले. त्यांचे आजोबा संस्थानाच्या घोडदळात होते आणि वडील खोगिरं दुरुस्त करायचे. काकांनी डॉक्टरांना विचारलं, "ही शिलाई आतल्या बाजूने कोणी घातली? आमचे वडील सांगायचे, टोचलं तरी घोडं बोलत नाही, म्हणून शिलाई बाहेर. हे लेकरू तरी कुठे बोलतंय?"

डॉक्टर वैतागून म्हणाले, "मग तुम्हीच बनवून दाखवा."

त्यांनी बनवून दाखवले. तेव्हापासून बनवताहेत.

मी नवीन असताना त्यांच्या दुकानात डिजिटल कोनमापक घेऊन गेले होते. वाकडं पाऊल सत्तर अंशांवर बाहेर वळलेलं हवं आणि दुसरं चांगलं असेल तर ते चाळीसवर. काका सागवानाच्या दोन पाचरी लावून कोन धरायचे. मी मोजलं. सत्तर पूर्णांक चार.

"तुझं मशीन शिकलेलं दिसतंय," काका म्हणाले. "बसव त्याला. चहा घेतं का?"

बूट देताना ते आईबापांकडून एक पाठ म्हणवून घेत. चार वर्षं, रोज. सण असला तरी सुट्टी नाही. पाहुणे आले तरी नाही. मूल रडलं तरी नाही. ते कधी ओरडत नसत, म्हणूनच बहुधा बायका त्यांचं ऐकायच्या. डॉक्टरांनी सांगितलेलं विसरायच्या, काकांनी सांगितलेलं नाही.

या जानेवारीत रुग्णालयाला पंचवीस वर्षं झाली. अंगणात शामियाना घालून मदत करणाऱ्यांचा आणि कर्मचाऱ्यांचा सत्कार करायचं ठरलं. यादी टाईप करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी काकांच्या नावापाशी अडकले. ते पगारावर नाहीत, म्हणजे कर्मचारी नाहीत. बुटांचे पैसे घेतात, म्हणजे देणगीदारही नाहीत. शेवटी मी त्यांच्या एकट्यासाठी तिसरा रकाना केला आणि वर 'सहयोगी' लिहिलं. मानपत्रही मीच लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, आणि मला ते फार आवडलं होतं: 'अकरा वर्षांत यांच्या बुटांतलं एकही पाऊल पुन्हा वाकडं झालं नाही.'

काकांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी नुसतं "हूं" केलं. पण लीलाताईंनी, म्हणजे काकूंनी, मला आत बोलावून सांगितलं, "तीन दिवस झाले, कोटाला ऊन दाखवताहेत. मी म्हटलं, पगडीपण घाला. लोकांना वाटू दे, दसऱ्याच्या मिरवणुकीतून पळून आलात."

"तू उगी रहा," काका बाहेरून म्हणाले.

मंचावर एका मुलाने चालत येऊन फुलं द्यावीत अशी डॉक्टरांची इच्छा होती. मूल काकांनीच निवडलं. दर्पण कॉलनीतल्या निधीची मुलगी, अवंतिका. अडीच वर्षांची. तिची दोन्ही पावलं इतकी वळलेली होती की जन्मली तेव्हा तळवे एकमेकांसमोर यायचे. आता ती धावायची, सोफ्यावरून उड्या मारायची. काकांचं सर्वांत चांगलं काम. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी निधी मोठ्या मापाचे बूट न्यायला आली. त्या दिवशी मीही दुकानात होते.

"अनवाणी चालव हां तिला," काका म्हणाले. "लोकांना पाय दिसले पाहिजेत. छान स्वच्छ. वळ-बिळ नकोत."

थंडीत जाड मोजे असतात, पट्टा आवळावा लागतो, तिथे फिकट लाल रेघ उमटते. दोन तासांत जाते. त्यांनी ते बोलता बोलता म्हटलं आणि सुई पुन्हा हातात घेतली. मीही ऐकून सोडून दिलं.

कार्यक्रम अकराला होता. साडेनऊला तालीम झाली. उन्हात खुर्च्या मांडल्या जात होत्या आणि नाश्त्यासाठी तळलेल्या बेडई पुऱ्यांचा वास सुटला होता. काका पहिल्या रांगेत कोट घालून बसले होते. पगडी नव्हती. अवंतिका झेंडूची फुलं घेऊन पायऱ्यांपासून माईकपर्यंत चालत गेली आणि सगळ्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. काकांनी वाजवल्या नाहीत.

"अवू," ते म्हणाले, "परत ये गं इकडे. हळूहळू."

ती आली. ते खाली बसले आणि खिशातून कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका काढली. "सरळ उभी रहा, बाळा." पत्रिकेची कड त्यांनी तिच्या डाव्या टाचेला लावली. आत गेली नाही. उजव्या टाचेला लावली. पत्रिका अलगद आत सरकली.

यंत्राच्या दोन भागांतली फट आम्ही पातळ पत्र्याने मोजतो. मला लगेच कळलं ते काय मोजताहेत. टाच जमिनीला टेकत नव्हती.

"निधी," काका उठले. "बूट कधीपासून बंद आहेत?"

"नाही काका, रोज…" एवढं म्हणून ती थांबली. तिचा चेहरा उतरला. "तीन हफ्ते. तुम्हीच म्हणालात ना, वळ नकोत. मला वाटलं, तुमचा सत्कार आहे, हमारी वजह से खराब नहीं होना चाहिए. कार्यक्रम झाला की आज रात्रीपासून घालणारच होते, सच्ची."

काका काही बोलायच्या आत डॉक्टर अंबरीश आले. त्यांनी पाऊल हातात घेतलं, वर दाबलं, पुन्हा दाबलं, बूट कधीपासून बंद ते विचारलं आणि निधीवर भडकले. "तीन आठवडे? चार वर्षं म्हणजे चार वर्षं! शिकल्या-सवरल्या आहात तुम्ही. कोणी सांगितलं बूट काढायला?"

निधीने एकदा काकांकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "कोणी नाही, डॉक्टर. माझीच चूक झाली."

काका तिथेच उभे होते. मीही होते. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

"पुन्हा प्लास्टर लागेल," डॉक्टर म्हणाले. "दोन, नाहीतर तीन. आता धरलं म्हणून. आणखी दोन-तीन महिने गेले असते तर कदाचित ऑपरेशन." आणि ते पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे गेले.

निधी मुलीला मोजे घालू लागली. तिला घरी जायचं होतं. काका एवढंच म्हणाले, "थांब, पोरी. जाऊ नकोस." मग ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. लीलाताईंनी विचारलं, "अहो, काय झालं?" पत्रिका अजून त्यांच्या हातात होती.

कार्यक्रम सुरू झाला. देणगीदार झाले, परिचारिका झाल्या, वीस वर्षं जिने पुसणाऱ्या मंदाताई झाल्या. त्यांना सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या. मग काकांचं नाव आलं. निवेदकाने मी लिहिलेलं मानपत्र वाचायला घेतलं. ते वाक्य तिसरं होतं. वाचून झालं, टाळ्या पडल्या, काकांच्या खांद्यावर शाल आली. काका कधी माईकवर बोलत नाहीत. त्यांनी हात पुढे करून माईक मागितला.

समोर निम्म्याहून अधिक लोक हिंदीवाले होते, म्हणून ते हिंदीत बोलले. "ये जो अभी पढ़ा ना, एक भी पाँव वापस टेढ़ा नहीं हुआ, ये बात सही नहीं है. आज सुबह एक हुआ है." त्यांनी घसा साफ केला. "बच्ची की माँ को डाँट पड़ी. गलती मेरी है. मैंने कहा था, पाँव पर निशान नहीं दिखने चाहिए. मुझे आप लोगों को अपना काम दिखाना था."

शामियान्यात कोणालाच काय करावं ते कळेना. मागे एकाने टाळी वाजवली आणि एकटाच आहे हे पाहून थांबला. काकांनी डॉक्टरांकडे वळून मराठीत, पण माईकसमोरच म्हटलं, "डॉक्टर, तिला जे बोललात ते मला बोला."

डॉक्टर मंचावरून उतरले, निधीपाशी गेले आणि काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. निधी रडत होती. अवंतिका तिच्या मांडीवर बसून झेंडूच्या पाकळ्या उपटत होती. फुलं देणं राहूनच गेलं.

परत जाताना रिक्षात लीलाताई म्हणाल्या, "सकाळी तिथल्या तिथेच बोलायचं होतं ना डॉक्टरांजवळ."

"धीर नाही झाला," काका म्हणाले. "कोट घातला होता."

मंगळवारी सकाळी आठला ते प्लास्टरच्या खोलीबाहेर हजर होते. एरवी ते तिथे येत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. पहिल्या प्लास्टरला अवंतिका खूप रडली. काकांनी तिचा गुडघा धरला होता. तिने त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. "चाव," ते म्हणाले, "हक्क आहे तुझा." एकूण तीन प्लास्टर लागली. तिन्ही मंगळवारी ते आले.

मी नवीन मानपत्र छापून आणते म्हटलं. ते नको म्हणाले. "तूच लिहिलंस ना? तूच खोड." मी पेनाने ते वाक्य खोडलं आणि त्यांनी तसंच ते दुकानात टांगलं. गिऱ्हाइकं विचारतात, ही रेघ कसली. ते सांगतात, सगळं सांगतात.

पाठही आता दोन ओळींनी लांब झाला आहे. परवा मी गेले तेव्हा मुरारहून आलेलं एक जोडपं म्हणत होतं, "त्योहार पर नहीं, मेहमान आए तो नहीं, बच्चा रोए तो नहीं."

"और फोटो के लिए?" काकांनी विचारलं.

"फोटो के लिए भी नहीं."

"और अगर मैं ही बोलूँ तो?"

दोघं गोंधळून एकमेकांकडे बघू लागली. काका वाट बघत बसले. शेवटी बाळाची आई चाचरत म्हणाली, "तो… आपकी भी नहीं सुननी?"

"शाबास," म्हणत काकांनी बूट तिच्या हातात दिले.

त्यांच्यामागे निधी उभी होती. अवंतिका जमिनीवर अनवाणी उभी राहून कातड्याचे तुकडे गोळा करत होती. काकांनी खणातून ती निमंत्रणपत्रिका काढून निधीकडे दिली. एव्हाना तिची कड मऊ पडली होती. निधी खाली बसली आणि ती उजव्या टाचेखाली सरकवू लागली. सरकेना. तिने पुन्हा जोर लावला.

"अगं, पत्रिका दुमडेल," काका म्हणाले. "जात नाही ना? मग जात नाही."