यापैकी कोणतेही नाही

पिरंगुटच्या एका क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अंकगणित शिकवते. संभाव्यतेचं प्रकरण निघालं की मुलांचे चेहरे खुलतात, कारण आता बाई अभ्यास न करता पास व्हायची युक्ती सांगणार असं त्यांना वाटतं. मीही सांगून टाकते. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला, तर तो बरोबर निघायची शक्यता पाव. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापत असतील, तर असे चार प्रश्न सोडवून सरासरी एक गुण मिळतो, पाऊण जातो आणि हाती पाव गुण उरतो. एवढ्या भांडवलावर कुणाला सरकारी नोकरी मिळवायची असेल तर माझ्या मनापासून शुभेच्छा.

हे गणित मला माझ्या परीक्षेच्या वेळीही येत होतं. घरात ते फक्त मलाच येत होतं, हा खरा घोळ.

आमचं घर कासार आंबोलीत. रस्त्याकडचं रान वडिलांनी विकलं, तिथं शनिवार-रविवारचे बंगले उभे राहिले, आणि उरलेल्या जागेत आम्ही कंपनीत कामाला येणाऱ्या मुलांसाठी खोल्या बांधल्या. भाड्यावर घर बरं चालायचं, तेव्हा मुलीनं नोकरी कशाला करायची हे वडिलांना कळत नसे. तरीही मी तलाठ्याच्या परीक्षेला बसते म्हटल्यावर ते मोठ्या मनानं हो म्हणाले. अट एवढीच की परीक्षा ही एकच. जमलं तर ठीक, नाहीतर आलेल्या स्थळांपैकी एकाला हो म्हणून निमूट बोहल्यावर चढायचं. एवढा मोकळेपणा आमच्या घराण्यात आजवर कुणी दाखवला नव्हता, असं ते स्वतःच चारचौघांत सांगायचे.

क्लासला तेव्हा जे सर होते, त्यांचा सल्ला सोपा होता. येत नसेल तिथं 'क' लावा. पेपर काढणाऱ्याला म्हणे उत्तर कडेला ठेवायला संकोच वाटतो. मग 'ब' का नको, असं मी विचारलं, तर सर म्हणाले की प्रश्न फार विचारणारी मुलं मागे पडतात.

घरचा सल्ला देवीकडून यायचा. आमच्या देवीचं छोटं देऊळ शेताच्या बांधावर आहे. रान विकलं तरी देऊळ विकता येईना, म्हणून ते आता एका बंगल्याच्या कुंपणाला खेटून उभं आहे. पूजा माझी आत्या करायची आणि कौलही तीच लावायची. कौल म्हणजे फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बोअर कुठं मारायची, गाय विकायची की ठेवायची, वरची खोली कुणाला द्यायची, सगळं असंच ठरायचं. आत्याचं लग्नसुद्धा. तिला दोन स्थळं आली होती आणि माझ्या आजोबांनी कौल लावून त्यातलं एक पक्कं केलं होतं. देवीनं निवडलेला तो नवरा दारू पिऊन मारायचा, आणि थोड्याच वर्षांत आत्या माहेरी परत आली ती कायमची. देवीचा निर्णय बरोबरच होता, हिचं नशीब कमी पडलं, असा वडिलांचा निष्कर्ष.

तर माझ्या परीक्षेसाठीही कौल लावायचं ठरलं. येत नसलेल्या प्रश्नांना कोणतं अक्षर लावू, एवढंच विचारायचं होतं. अडचण अशी की देवीला खांदे दोन आणि पर्याय चार. वडिलांनी डोकं चालवलं आणि कौल दोनदा लावायला सांगितला. आधी पहिली जोडी की दुसरी, मग त्या जोडीतला कोणता. अशा रीतीनं 'ब' निघाला. परीक्षा कम्प्युटरवर असते, प्रत्येकाच्या पडद्यावर पर्यायांचा क्रम वेगळा येतो, एकाचा 'ब' तो दुसऱ्याचा 'ड' असतो, हे मी समजावून पाहिलं. देवीला सगळं कळतं, असं वडील म्हणाले. कम्प्युटर तिला नवीन असेल ही शंका मी मनातच ठेवली.

परत येताना आत्यानं मला विचारलं की हे चार चार असतात तरी काय. मी सांगितलं की तीन उत्तरं असतात आणि चौथं बरेचदा 'यापैकी कोणतेही नाही' असं असतं. ती चालता चालता थांबली.

"आसं म्हनता येतं?"

"येतं. कधीकधी तेच बरोबर असतं."



परीक्षेत मला जे येत होतं ते मी सोडवलं. जिथं एक-दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत होतं, तिथं ते काढून टाकून उरलेल्यांतून निवडलं. जिथं काहीच कळत नव्हतं तिथं 'ब' लावला. काहीच माहीत नसेल तेव्हा सगळी अक्षरं सारखीच, त्यामुळे घरातल्या शांततेची मला काही किंमत पडली नाही.

थोडक्या गुणांनी माझी निवड हुकली. सर म्हणाले, 'क' लावायला हवा होता. वडील म्हणाले, मीच कुठंतरी 'ब' लावायला चुकले असणार. भाडेकरू मुलांचे डबे करून, खोल्या झाडून उरलेल्या वेळात मी अभ्यास केला होता, हे कारण कुणालाच सुचलं नाही. मला फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला जमेल असं मला मनापासून वाटत होतं आणि पुढची खेप तर माझ्या हातात नव्हती.

स्थळं आली तीही दोन. एकाची पिरंगुटला गोदामं होती, दुसऱ्याचा ताम्हिणीला ढाबा होता. मला दोन्ही नको आहेत असं मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कौल लावायचं ठरवलं.

देवळात ते आणि मी एका बाजूला उभे राहिलो. उजवी पिरंगुट, डावी ताम्हिणी, असं वडिलांनी बजावलं. आत्यानं दोन पाकळ्या तांब्यात चांगल्या बुडवल्या आणि देवीच्या खांद्यांना अंगठ्यानं दाबून बसवल्या. मग ताटातली आणखी एक पाकळी उचलली आणि देवीच्या कपाळाशी टेकवली.

"आक्का, ही कशाची?" वडिलांनी विचारलं.

"यापैकी कंचं बी न्हाई," आत्या म्हणाली.

असं कधी केलेलं नाही, वडील म्हणू लागले. त्यांचं म्हणणं पुरं व्हायच्या आत कपाळाची पाकळी खाली आली. खांद्यांवरच्या दोन्ही जागच्या जागी होत्या. वडिलांनी पुढे होऊन त्या दोन्ही नीट पाहिल्या. पण आयुष्यभर ज्या देवीचं ऐकलं, तिला आता नाही कसं म्हणणार? दोन्हीकडे नकार कळवला गेला आणि मला अभ्यासाला आणखी वेळ मिळाला. तलाठी मी पुढेही झाले नाही, पण त्या अभ्यासातूनच हे क्लासचं काम मिळालं, आणि ते मला आवडतं.

त्या दिवशी वडील पुढे निघून गेले आणि मी आत्याबरोबर बांधावरून मागे राहिले. तीन पाकळ्यांतली एक पडायची शक्यता एक तृतीयांश, हे मला येत होतं. पण ते तिन्ही सारख्या असतील तर.

"आत्या, मधली कोरडी होती," मी म्हणाले.

"व्हय."

तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं बांधावर ओतलं.

"माझ्या टायमाला बी एक कोरडीच हुती," ती म्हणाली. "बानं लावताना मी बघितली हुती."